प्रशिक्षण सातबाऱ्याला, काम मजुराला

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात शेतकरी म्हणून नोंद झालेले लोक सुमारे १ कोटी २५ लाख होते आणि शेतमजूर म्हणून नोंद झालेले सुमारे १ कोटी ३५ लाख. देशाचे चित्रही तसेच होते : ११ कोटी ८८ लाख शेतकरी आणि १४ कोटी ४३ लाख शेतमजूर. आकडे जुने आहेत, पण नव्या जनगणनेची बेरीज हाती येईपर्यंत आधार त्यांचाच. स्वतःची शेती करणाऱ्यांपेक्षा दुसऱ्याच्या शेतात रोजाने राबणारे जास्त, हे त्यातून स्पष्ट दिसते. तरीही ‘आधुनिक शेती’ हा शब्द उच्चारला की डोळ्यांसमोर येतो तो मोबाइलवर जमिनीचा ओलावा पाहणारा बागायतदार. तो खोटा नाही. पण त्याच्या ठिबकचा कॉक फिरवणारा, त्याच्या औषधाचे पाणी कालवणारा, त्याच्या द्राक्षाच्या घडाला कात्री लावणारी ही माणसे त्या चित्रात नसतात. नवे तंत्र विकत घेतो एक आणि हाताळतो दुसरा. आपली कृषी प्रशिक्षणाची जवळजवळ सगळी व्यवस्था मात्र विकत घेणाऱ्यासाठी उभी आहे. मजुराला शिकवणे ही दयाबुद्धीने करायची गोष्ट म्हणून बाजूला पडली आहे. खरे तर शेतीत यंत्रांवर आणि औषधांवर जो पैसा ओतला जातो, त्याचे चीज होणार की नाही हे तिथेच ठरते.

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात जे घडले ते अनेकांच्या स्मरणात असेल. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे दगावली, शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्यांत स्वतःच्या रानात फवारणारे शेतकरी होते, तसे रोजाने फवारणीला गेलेले मजूरही होते. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्याला लागेल इतकी वाढली होती, बोंडअळीचा जोर होता, दोन-तीन औषधे एकत्र करून मारली जात होती आणि दांडा मारायच्या हातपंपाच्या जागी जोराने बारीक तुषार फेकणारे बॅटरीचे पंप आले होते. सरकारने विशेष तपास पथक नेमले, काही कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घातली. औषध कोणते, विकणारा कोण, परवाना होता का, याची चर्चा पुष्कळ झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पण पंप बदलला होता, या गोष्टीचा पुरता अर्थ लावला गेला नाही. हातपंपाचा तुषार जाड असतो आणि दांडा मारणाऱ्याचा हात थकला की तो आपोआप थांबतो. बॅटरीचा पंप थकत नाही. त्याचा बारीक तुषार उंच कपाशीच्या दोन ओळींमध्ये माणसाच्या तोंडासमोर तरंगत राहतो. फवारणारा माणूस तोच, त्याची सवय तीच, औषध मोजायची रीतही तीच. यंत्र नवे आले आणि ते पाठीवर घेणाऱ्याला चार गोष्टी सांगायची व्यवस्था त्याच्याबरोबर आली नाही.

त्या चार गोष्टी कोणत्या, हे जरा जवळून पाहू. औषधाच्या डब्यावर कोनावर उभा केलेला एक चौकोन असतो आणि त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंग भरलेला असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. हा रंग अक्षरशत्रू माणसालाही वाचता यावा म्हणूनच तिथे छापलेला असतो, पण त्याचा अर्थ कोणी सांगितला नसेल तर ती निव्वळ नक्षी ठरते. दुसरी गोष्ट मापाची. पंपाची टाकी पंधरा-सोळा लिटरची आणि शेतावरचे माप म्हणजे बाटलीचे झाकण : ‘पंपाला दोन झाकणं’. झाकणाचा आकार कंपनीगणिक बदलतो, औषधाची तीव्रता औषधागणिक बदलते, झाकणे मात्र दोनच. तिसरी गोष्ट नोझलची. कीडनाशकाला पोकळ शंकूसारखा तुषार देणारे नोझल लागते, तणनाशकाला सपाट पट्टा पाडणारे. एकाच नोझलवर दोन्ही उरकले तर औषध वाया जाते, आणि तणनाशक शेजारच्या पिकावर उडाले तर भांडण वेगळेच. चौथी गोष्ट वाऱ्याची आणि हातांची. वाऱ्याकडे तोंड करून चालू नये, नोझल तुंबले तर तोंडाने फुंकू नये, आणि सर्वांत मोठा धोका फवारताना नसून घट्ट औषध पाण्यात ओतताना असतो, म्हणून हातमोजे निदान त्या वेळी तरी हवेतच. हे सगळे समजावून, हाताने करून घेऊन, चुका दुरुस्त करायला एक सकाळ पुरते. एका सकाळचे शिक्षण आणि त्याच्या अभावी गेलेले जीव यांची तुलना करायला अर्थशास्त्री लागत नाही.

कायद्याची उतरंड इथे पाहण्यासारखी आहे. कीटकनाशक विकायचे तर दुकानदाराला परवाना लागतो आणि त्यासाठी ठरावीक शिक्षण किंवा मान्य अभ्यासक्रम लागतो. तेच औषध ड्रोनने फवारायचे तर २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे मान्यताप्राप्त संस्थेत शिकून वैमानिकाचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. म्हणजे बाटली काउंटरवरून देणारा शिकलेला हवा, शेताच्या बांधावर सावलीत उभे राहून रिमोट चालवणारा शिकलेला हवा, आणि तीच बाटली पाठीवर घेऊन पिकात शिरणाऱ्याला मात्र कोणी काही विचारत नाही. १९७१ च्या कीटकनाशक नियमावलीत संरक्षक कपड्यांचा आणि हाताळणाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा उल्लेख आहे; पण दोन एकरांचा शेतकरी एका दिवसासाठी एका मजुराला सांगतो, तिथे ही नियमावली कोण कोणाला लावणार? धोका जिथे सर्वांत जास्त, तिथे शिक्षणाची अट सर्वांत सैल, असा हा उफराटा कारभार आहे.

हे मुद्दाम कोणी केले असे नाही. आपल्या कृषी योजनांचे दार सातबाऱ्याच्या किल्लीने उघडते, हे त्याचे साधे कारण. एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला, आणि तो जमिनीच्या नोंदीवर बेतलेला आहे. अनुदान जमिनीवर द्यायचे असेल तर ते समजण्यासारखे आहे; ज्ञानाला सातबारा कशाला हवा? राज्यात जवळपास पन्नास कृषी विज्ञान केंद्रे आहेत, तळेगाव दाभाड्याला हरितगृहाचे उत्तम प्रशिक्षण मिळते, ‘आत्मा’ या कृषी विस्तार यंत्रणेच्या शेतीशाळा गावोगाव भरतात. मजुरांना तिथे मज्जाव नाही. पण कार्यक्रम दिवसा, मधल्या वारी, तालुक्याच्या जवळ, चहा-नाष्ट्यासह. आणि त्या दिवसाचा रोज बुडतो. कौशल्य विकासाच्या बाजूने पाहावे तर २०१३ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय कृषी कौशल्य परिषदेने ट्रॅक्टरचालक, हरितगृह कामगार, सूक्ष्म सिंचन तंत्रज्ञ असे अभ्यासक्रम बांधले आहेत. कागदावर ते व्यवस्थित आहेत. पण दोनशे तासांचा अभ्यासक्रम म्हणजे आठ तासांच्या दिवसाने पंचवीस रोज. तीनशे रुपये रोज धरला तरी साडेसात हजार रुपये पदरचे घालवल्याशिवाय मजुराला ‘मोफत’ प्रशिक्षण मिळत नाही. एवढी चैन करू शकणारा माणूस बहुधा शेतमजूर नसतोच. तो शेतकऱ्याचा बारावी झालेला मुलगा असतो आणि प्रमाणपत्र घेऊन शहराकडे निघतो. यंत्रांपुरते बोलायचे तर शेती यंत्रे चालवायला आणि दुरुस्त करायला शिकवणाऱ्या केंद्र सरकारच्या चार संस्था आहेत : मध्य प्रदेशात बुदनी, हरियाणात हिसार, आंध्रात अनंतपूरजवळ आणि आसामात विश्वनाथ चारिआली. बुदनीची संस्था १९५५ ची आहे. इतक्या वर्षांत महाराष्ट्राच्या वाट्याला अशी एकही आली नाही आणि त्यासाठी कोणी आग्रह धरल्याचेही फारसे ऐकू येत नाही.

यावर पहिला आक्षेप हमखास येतो : मजूर अडाणी, त्यांना हे तंत्र काय झेपणार? त्याचे उत्तर नाशिक जिल्ह्यातल्या द्राक्षबागांनी कधीच देऊन ठेवले आहे. दिंडोरी-निफाडच्या बागांत हंगामाला पेठ, सुरगाणा भागातल्या आदिवासी मजुरांच्या टोळ्या उतरतात आणि एकरी बोलीने कामे घेतात. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीत काडी कुठे कापायची हा निर्णय त्यांच्या कात्रीत असतो : सबकेनची (उपकाडीची) गाठ ओळखायची, तिच्या पुढे एक-दोन डोळे राखायचे, बारीक काडी वेगळी आणि जाड काडी वेगळी हाताळायची. डोळा चुकला तर घड नाही, आणि मग वर्षभर खरड छाटणीपासून केलेला सगळा खर्च पाण्यात. पुढे थिनिंगला बायका बसतात. घडातले नेमके कोणते मणी काढायचे म्हणजे उरलेले सोळा-अठरा मिलिमीटरचे होतील, याचा अंदाज त्यांची बोटे घेतात. फूटपट्टी नंतर येते. जिबरेलिक आम्लाच्या द्रावणात घड बुडवण्याचे डिपिंग किती दिवसांनी, किती पीपीएमने, हे त्या अगदी सहज बोलतात. यांतले काहीही त्यांना शाळेत शिकवलेले नाही. युरोपच्या बाजारपेठेने मण्याचा आकार आणि रसायनांच्या अंशांची मर्यादा ठरवून दिली, २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या रसायनाच्या अंशांवरून माल अडकला तेव्हा अख्ख्या द्राक्षपट्ट्याला घाम फुटला, आणि ‘ग्लोबलगॅप’सारख्या प्रमाणपत्रांनी कामगारांचे प्रशिक्षण व सुरक्षितता यांच्या नोंदी मागितल्या. खरेदीदाराने विचारले तिथे मजुराला शिकवायला वेळही निघाला आणि पैसाही. तेव्हा अडचण मजुराच्या डोक्याची कधीच नव्हती.

पण द्राक्षबागेचे कौतुक करतानाही तिथली उणीव झाकता येत नाही. पिकाला जे लागते ते शिकवले जाते. मजुराच्या अंगाला जे लागते ते राहून जाते. छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात. हे रसायन कातडी भाजते. शिवाय त्याची एक खोड अशी की शरीरात ते मद्याच्या पचनात अडथळा आणते. दिवसभर पेस्टिंग करून संध्याकाळी कोणी दारू घेतली तर चेहरा लालबुंद होणे, धडधड, उलट्या, रक्तदाब घसरणे असे प्रकार होतात. ‘दारू वाईट’ असे मोघम सांगणे आणि ‘हे काम चालू असताना आणि नंतरही काही दिवस घेऊ नका, या पेस्टमुळे जिवावर बेतेल’ असे नेमके सांगणे यांत फरक आहे. दुसरे वाक्य पटते, पण ते सांगणारा माणूस बागेत हवा.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो मजुरांच्या बाजूने येतो. यंत्रे माणसांना हटवणारच असतील तर त्यांना यंत्रे शिकवणे ही थट्टा नाही का? ऊसतोडीचे उदाहरण घ्या. एक कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, दिवसाला साधारण दीड-दोन टन ऊस तोडते. हार्वेस्टर शंभर टनांच्या आसपास तोडू शकतो. राज्यात ९०० हार्वेस्टरसाठी किमतीच्या ४० टक्के किंवा ३५ लाख रुपयांपर्यंत अनुदानाची योजना २०२२-२३ मध्ये आली. एक यंत्र पन्नासेक कोयत्यांचे काम हिरावते आणि बदल्यात चालक, मदतनीस, ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरचे चालक अशी मोजकीच कामे देते. प्रशिक्षणाने हे गणित फिरत नाही, हे सरळ कबूल केले पाहिजे. पन्नास जोड्यांना हार्वेस्टरवर बसवता येणार नाही. पण म्हणून त्या मोजक्या जागाही बाहेरच्यांनी भराव्यात हे ओघाने येत नाही. सार्वजनिक पैशातून ३५ लाख यंत्राला मिळतात, तेव्हा त्या यंत्रावरचा चालक तोडणी कामगारांच्या कुटुंबातला असावा, अशी अट घालणे आणि त्याच्या शिक्षणाचा खर्च त्याच अनुदानातून काढणे अवघड नाही. केरळात याचा वेगळा दाखला आहे. भातलावणीला माणसे मिळेनात तेव्हा मण्णुत्तीच्या कृषी संशोधन केंद्राने ‘फूड सिक्युरिटी आर्मी’ या नावाने माणसे तयार केली. लावणी यंत्र चालवायचे आणि बिघडले तर दुरुस्तही करायचे, असे शिकलेले गट गावोगाव भाड्याने जाऊ लागले. त्यांत बायकाही होत्या. यंत्र आले ते मजुराच्या हातात आले, म्हणून यंत्राची मजुरीही त्याच्याकडे गेली. ज्याच्याकडे शिक्षण नाही त्याला यंत्र फक्त हटवते.

बायकांचा विषय निघाला तर तोही सांगितला पाहिजे, कारण शेतीतल्या प्रत्येक नव्या यंत्राबरोबर एक काम बाईच्या हातून पुरुषाच्या हाती जाते. निंदणी-खुरपणी हा बायकांचा हुकमी रोज होता. तणनाशक आले आणि तो रोज पंप पाठीवर घेणाऱ्या गड्याकडे गेला. लावणी यंत्र, मळणी यंत्र, सगळीकडे हीच तऱ्हा. त्या दृष्टीने नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर झालेली ‘नमो ड्रोन दीदी’ योजना योग्य दिशेची आहे : १५,००० महिला बचत गटांना ड्रोन, किमतीच्या ८० टक्के आणि कमाल ८ लाख रुपयांपर्यंत मदत, आणि पंधरा दिवसांचे प्रशिक्षण. यंत्राबरोबर शिक्षणाचा खर्च योजनेतच धरला आहे, हा तिचा सर्वांत मोठा गुण. मात्र ड्रोनच्या प्रमाणपत्राला दहावी उत्तीर्ण असणे लागते. खुरपणीला जाणाऱ्या चाळिशीतल्या किती बायका दहावी पास असतील? विमानोड्डाणाच्या सुरक्षिततेसाठी अट असावी, मान्य. पण बॅटऱ्या चार्ज करणे, टाकी भरणे, औषधाचे मिश्रण बनवणे, नोझल धुणे या ड्रोनभोवतीच्या कामांना दहावी लागत नाही, आणि गटातल्या न शिकलेल्या बाईसाठी त्या कामाचा स्वतंत्र दाखला असायला काय हरकत आहे?

राहिला मालकाचा आक्षेप : शिकवायचे आम्ही आणि मजुरी वाढवून तो जाणार दुसऱ्याच्या बागेत. हे खरेच घडते, आणि घडू द्यावे. राज्यातली सरासरी शेतजमीन २०१५-१६ च्या कृषिगणनेत १.३४ हेक्टर होती. एवढ्या जमिनीवर कोणीही वर्षभर कुशल माणूस पोसू शकत नाही. म्हणून एकट्या शेतकऱ्याने शिकवावे ही अपेक्षाच चुकीची आहे. ते काम शेतकरी उत्पादक कंपनीचे, साखर कारखान्याचे, औषध आणि ठिबक विकणाऱ्या कंपन्यांचे आणि अखेर सरकारचे आहे. आज शिकलेला मजूर शेजाऱ्याकडे गेला तर उद्या शेजाऱ्याने शिकवलेला आपल्याकडे येईल. आणि मजुरी वाढण्याची भीती? ठिबकच्या फिल्टरची सफाई न झाल्याने ड्रीपर चोंदून एकरभर पीक कमी-जास्त पिकते, तेव्हा जाणारा पैसा कुशल माणसाला रोजी शंभर रुपये जास्त देण्यापेक्षा कितीतरी मोठा असतो. तो हिशेबात दिसत नाही, इतकेच.

मग प्रशिक्षण कसे असावे? दोनशे तासांच्या पोथीऐवजी एका कामाचे एक शिक्षण, एक-दोन दिवसांचे, त्या कामाच्या हंगामाआधी, त्याच गावच्या शेतात. फवारणीचे जूनमध्ये, पेस्टिंगचे सप्टेंबरअखेर, ठिबकच्या आम्लप्रक्रियेचे उन्हाळ्यात. बुडालेला रोज भरून द्यायचा. यात नवे काहीच नाही, मनरेगाच्या मजुरांसाठी २०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘उन्नती’ प्रकल्पात प्रशिक्षणाच्या दिवसांची मजुरी देण्याची तरतूद होतीच. एकट्या मजुराला न बोलावता टोळीच्या टोळीला शिकवायचे आणि मुकादमालाही त्यात बसवायचे, कारण कामाची बोली तोच करतो. शिकलेल्या टोळीचा भाव वेगळा, हे त्याच्या गळी उतरले की बाकीचे काम बाजार करील. शिकवणारी म्हणून छाटणीत मुरलेली मजूर बाईच मानधनावर नेमली, तर पदवीधरापेक्षा तिचे चटकन ऐकले जाईल. राज्याने २०२५ मध्ये शेतीतल्या कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी धोरण आणले आणि पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटींची तरतूद केली. उपग्रहाने रोग टिपला आणि सल्ला मोबाइलवर आला, तरी नोझल शेवटी कोणाच्या तरी हातात असणार. त्या हातांसाठी या तरतुदीतला काही वाटा आताच राखून ठेवावा.

वाचकांपैकी जे शेती करतात त्यांच्याकडे एक मागणे आहे. आपल्या गावात पुढची शेतीशाळा भरेल तेव्हा तिचा हजेरीपट मागून पाहा. गावात प्रत्यक्ष फवारणी, छाटणी, ठिबकची देखभाल करणाऱ्यांपैकी किती जणांची नावे त्यावर आहेत ते मोजा. नसतील तर सहायक कृषी अधिकाऱ्याला आणि ग्रामसभेला ते लेखी विचारा, आणि आपल्या सालगड्याला त्या दिवसाची मजुरी देऊन पुढच्या वर्गाला पाठवा.